निवळीचे बी आणि रंगाचे पाणी



आपल्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावयाचा म्हणजे समाजाच्या गतवैभवाचे वर्णन करावयाचे, अशी एक रूढीच पडून गेली आहे. आपल्या पूर्वजांनी विणलेल्या वस्त्रांची कीर्ती, त्यांना मिळालेला आश्रय आणि पुढे गिरण्यांमुळे ओढवलेली विपन्नावस्था, हे विषय आपल्या स्मरणिकांतून पुनःपुन्हा आले आहेत व ते यावेत हेही योग्यच आहे. परंतु वस्त्राच्या इतिहासाला जोडूनच एक दुसरा इतिहास चालत आलेला आहे आणि त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे वस्त्र रंगवून झाल्यावर भांड्यात जे पाणी उरते, त्या पाण्याचा इतिहास. ते पाणी पूर्वी कसे होते, पुढे कसे झाले, ते कोणाच्या दारी जाते, आणि ते निवळून सोडण्याचे साधन आपल्या घरातच असताना आपण ते कसे विसरलो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझ्या बालपणीची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आरमोरीस आमच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा रांजण असे. पावसाळ्यात पाणी गढूळ आले म्हणजे आजी फडताळातून निवळीचे बी काढी, रांजणाच्या आतल्या खरबरीत अंगावर ते घाशी आणि मग पाणी भरी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ तळाशी बसलेला असे व वरचे पाणी नितळ झालेले असे. त्याच घराच्या मागल्या पडवीत वडील व चुलते काठाच्या सुताच्या लड्या रंगवीत. रंगकाम आटोपले म्हणजे हंड्यात उरलेले तांबडे वा हिरवे पाणी परसातील नालीत उलटे केले जाई. आम्ही मुले त्या रंगीत ओघळाच्या मागे नाल्यापर्यंत धावत जात असू. पिण्याच्या पाण्यासाठी बी घासणारी आजी आणि नालीत रंग ओतणारे वडील एकाच छपराखाली राहत होते. परंतु त्या दोन कृतींचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. तो आमच्याच घरचा आहे.

कोष, कोष्टी आणि ढिवर

आरमोरी हे वैनगंगेच्या सान्निध्यातील गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला आणि आरमोरी त्या नव्या जिल्ह्यात आली. त्यापूर्वी ती जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. भोवती धानाची शेते, जुने मालगुजारी तलाव आणि त्यांपलीकडे अरण्य, अशी या गावाची ठेवण आहे. या अरण्यातील ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसरचा किडा वाढतो. तुतीवरील रेशमाचा किडा माणसाच्या घरात, माणसाने खुडून आणलेल्या पाल्यावर जगतो. टसरचा किडा मात्र उघड्या रानात झाडावरच राहतो आणि तेथेच कोष करतो. हा कोष म्हणजेच आपला कोसा. कोष्टी हे आपल्या ज्ञातीचे नाव या कोशावरूनच आले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

हा किडा सांभाळण्याचे काम आपल्या भागात परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. अंडी झाडावर चढविणे, पाखरांपासून, मुंग्यांपासून व माश्यांपासून अळ्यांचे रक्षण करणे, एका झाडाचा पाला संपला म्हणजे त्यांना दुसऱ्या झाडावर नेणे, आणि शेवटी कोष उतरवून घेणे, ही सारी कामे उन्हापावसात रानात राहून करावी लागतात. मध्य हिंदुस्थानातील जुन्या वर्णनांत असे दिसते की, कोसा पाळणारे लोक त्या काळात व्रतस्थ राहत व सोवळ्याचे नियम कडकपणे पाळीत. हेच ढिवर बांधव नद्यांवर व तलावांवर मासेमारी करून आपला चरितार्थ चालवितात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

कोष आपल्या घरी आला म्हणजे तो क्षाराच्या पाण्यात उकळून मऊ करावा लागतो. या कामी पूर्वी वनस्पतींची राख वापरीत, पुढे धुण्याचा सोडा आला. नंतर त्यातून सूत काढावयाचे. हे काम स्त्रियांचे. मांडीवर सूत वळता वळता त्यांची कातडी सोलवटून जाई. आता त्यासाठी लहान यंत्रे निघाली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. टसरचा मूळचा मधासारखा रंग तसाच ठेवून अंगाचे कापड विणावयाचे आणि काठास रंगीत सूत घ्यावयाचे, ही करवतकाठी वस्त्राची जुनी रीत. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर उठते म्हणून हे नाव पडले. म्हणजे अंगाला अरण्याचा रंग आणि काठाला माणसाने दिलेला रंग, अशी ही योजना आहे. जोपर्यंत रंग काठापुरता होता, तोपर्यंत रंगाचे पाणीही थोडेच होते.

जुने रंग

रंगकाम हे जुन्या काळी बहुशः रंगाऱ्यांचे काम होते व ती एक स्वतंत्र ज्ञाती होती. त्यांचे सामान रानातून आणि शेतातून येई. आलीच्या मुळांपासून व लाखेपासून तांबडा, कुसुंब्याच्या म्हणजे करडईच्या फुलांपासून गुलाबी व केशरी, पळसाच्या फुलांपासून व हळदीपासून पिवळा, निळीपासून निळा, आणि हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा अंश मिळवून काळा, असे हे रंग होत. रंग सुतास धरून राहावा म्हणून तुरटीसारखी रंगबंधक द्रव्ये वापरीत.

जुने ते सर्व शुद्ध आणि नवे ते सर्व अशुद्ध, असे मानण्याचा मोह आपणांस होतो. इतिहासाच्या दृष्टीने हे मत टिकणारे नाही. निळीच्या पिंपांची दुर्गंधी प्रसिद्ध होती. तुरटीचे पाणीही पिकाला मानवत नाही. मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार रंगबंधक म्हणून वापरले, तर पळसाच्या फुलांचा रंगदेखील पाण्याला विषारी करून जातो. तथापि जुन्या पद्धतीत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे रंगाचे एकंदर प्रमाण अल्प होते. दुसरी म्हणजे त्यांतील बहुतेक रंगद्रव्ये वनस्पतिज होती, आणि मातीतील व पाण्यातील सूक्ष्म जीवांना ती परिचयाची असल्यामुळे कालांतराने ती कुजून जात.

पुडीचा रंग

१८५६ साली विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोयनेल बनविण्याच्या खटपटीत असता डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग मिळविला, आणि रंगाच्या इतिहासाने कूस पालटली. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठातील तांबडे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. त्यापुढे काही वर्षांतच मंजिष्ठेची शेती बुडाली व आपल्याकडील आलीचाही अंत जवळ आला. १८८४ साली रंगबंधकाशिवाय सुतास थेट चढणारा कांगो तांबडा निघाला. १८९७ साली जर्मनीतील बाडिश कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली.

याच सुमारास टसरकडेही युरोपचे लक्ष वळले. इंग्लंडातील लीक या गावचा रंगारी थॉमस वॉर्डल याने टसर धुऊन रंगविण्याचे पुष्कळ प्रयोग केले व १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते वस्त्र मांडले. टसर रंगविणे अवघड आहे, ही तक्रार त्या काळीही होती. त्याचा तंतू चपटा असतो आणि मूळचाच तपकिरी छटेचा असतो. तुतीच्या रेशमासारखा तो सहज रंग घेत नाही. वॉर्डल १८८५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि पुढे येथील रंगद्रव्यांविषयी त्याने सविस्तर अहवालही लिहिला. मौज अशी की, जो मनुष्य आपल्या झाडापाल्याच्या रंगांची काळजीपूर्वक नोंद करीत होता, त्याच्याच काळात ते रंग बाजारातून नाहीसे होत होते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या सुताने व कापडाने आपल्या व्यवसायास हादरा दिला, हे आपण जाणतोच. त्याच काळात पुडीच्या रंगानेही आपल्या घरात प्रवेश केला, याकडे मात्र कमी लक्ष जाते. पुडीच्या रंगाला रंगाऱ्याच्या विद्येची गरज नव्हती. पाणी तापविले, पुडी सोडली, लडी बुडविली की काम झाले. त्यामुळे विणकराच्या घरातच रंगाचा हंडा आला. १९१४ साली महायुद्ध सुरू होऊन जर्मन रंगांची आवक थांबली, तेव्हा काही काळ जुन्या रंगांची आठवण झाली. युद्ध संपले आणि ती आठवणही संपली. १९५६ साली कापसाच्या तंतूशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा नवा रंग इंग्लंडात निघाला. तो फिका पडत नाही म्हणून सर्वत्र पसरला. परंतु या रंगाचा काही भाग तंतूशी न जुळता पाण्याशीच जुळून जातो व वाया जातो. हा वाया जाणारा भाग कृतीनुसार दशांशापासून निम्म्यापर्यंत असू शकतो. जो रंग धुण्याने जाऊ नये म्हणून मुद्दाम टिकाऊ केला, तो नाल्यात गेल्यावरही तितकाच टिकाऊ राहणार, हे उघड आहे.

रंगीत पाणी डोळ्यांना दिसते म्हणूनच वाईट, असे नाही. त्यामुळे सूर्यप्रकाश पाण्यात खोल शिरत नाही व पाणवनस्पतींची वाढ खुंटते. ॲझो वर्गातील काही रंग गाळात, हवेवाचून विघटित झाले म्हणजे त्यांतून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये सुटतात. अशा रंगांवर जर्मनीने १९९४ साली निर्बंध घातले आणि भारत सरकारनेही १९९७ साली तशी बंदी केली. तरीही बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या सुट्या पुडीत नेमके काय आहे, हे घेणाऱ्यास कळत नाही आणि पुष्कळदा विकणाऱ्यासही माहीत नसते.

सात प्रसादने

आता आजीच्या निवळीकडे वळू. निवळीच्या झाडाला संस्कृतात कतक म्हणतात. निवळणे हे आपले मराठी क्रियापद आणि निवळी हे झाडाचे नाव एकाच कुळातले आहे. मध्य हिंदुस्थानच्या कोरड्या अरण्यांत हे झाड आढळते व आपल्या जिल्ह्यांतील रानांनाही ते परके नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत: कतक, गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनाला किती आनंद झाला, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. सातांमध्ये वस्त्राची गणना आहे! आपण जे विणतो, ते प्राचीन वैद्यांच्या दृष्टीने पाणी शुद्ध करणारे एक साधन होते.

या यादीतील कमळाशीही आपला संबंध आहे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवरील आपला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात कोष्ट्यांच्या उत्पत्तीची एक कथा नोंदविली आहे. ती अशी की, मार्कंडी ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून पहिले वस्त्र विणले आणि त्याने देवांची लज्जा रक्षण केली. कथेस इतिहास म्हणता येत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या कमळाच्या तंतूपासून आपल्या आद्य पुरुषाने वस्त्र विणले असे आपण मानतो, त्याच कमळाची गाठ पाणी निवळविते असे शास्त्र सांगते. तेव्हा वस्त्र आणि निर्मळ पाणी यांची सांगड आपल्या परंपरेत प्रथमपासून आहे, एवढे तरी म्हणता येईल. आरमोरीच्या खाली, चामोर्शीजवळ, वैनगंगा उत्तरवाहिनी होते तेथे मार्कंडादेवाचे प्राचीन देवालय आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे महाशिवरात्रीस तेथे जातात. आरमोरीच्या नाल्यांतून वैनगंगेस मिळणारे पाणी त्याच घाटावरून पुढे जाते.

आधुनिक शास्त्राची साक्ष

जुन्या ग्रंथात आहे एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही. ती प्रयोगाने पाहावी लागते. सुदैवाने या विषयावर गेल्या काही दशकांत जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्याचे सार सोप्या शब्दांत सांगता येण्यासारखे आहे.

रंगाचे कण पाण्यात विरघळतात तेव्हा त्यांवर विद्युतभार असतो. रेशमासाठी वापरावयाचे आम्लधर्मी रंग, सुतावर थेट चढणारे रंग आणि १९५६ नंतरचे टिकाऊ रंग, या तिन्हींवर ऋण भार असतो. समान भार असलेले कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून ते तळाशी बसत नाहीत. शेवग्याच्या बियांच्या गरात एक प्रथिन असते व त्यावर धन भार असतो. बी कुटून पाण्यात कालविले आणि गाळून ते रंगाच्या पाण्यात ढवळले, म्हणजे हे प्रथिन रंगकणांना खेचून घेते, त्यांच्या गुठळ्या बनतात व त्या खाली बसतात. सुदानमधील स्त्रिया नाईल नदीचे गढूळ पाणी शेवग्याच्या जातीच्या बियांनी निवळवीत असत. समिया अल अझारिया जान या विदुषींनी १९७० नंतरच्या काळात त्याचा शास्त्रीय अभ्यास करून ती विद्या जगापुढे आणली. आपल्याकडे शेवगा दारोदार आहे. आपण त्याच्या शेंगा खातो आणि जून झालेल्या बिया फेकून देतो.

निवळीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या बीतील चिकट द्रव्य मातीच्या कणांना एकत्र बांधते, म्हणून गढूळपणा घालविण्यात ती उत्तम आहे. पूर्ण विरघळलेल्या रंगावर मात्र एकट्या निवळीची मात्रा पुरेशी चालत नाही. तुरटीसारख्या द्रव्याच्या जोडीने ती साहाय्य करते. आजीच्या निवळीविषयी माझ्या मनात कितीही आदर असला, तरी हे सांगणे भाग आहे.

तिसरे साधन म्हणजे धानाचे तूस. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, आणि आपल्या भागातील भातगिरण्यांच्या दारी त्याचे ढीग पडलेले असतात. कच्च्या तुसाच्या अंगावर ऋण भार असतो. त्यामुळे मॅलाकाइट हिरवा किंवा मिथिलीन निळा यांसारखे धन भाराचे रंग ते चांगले धरून ठेवते. ऋण भाराच्या रंगांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. परंतु तेच तूस, लाकडाचा भुसा किंवा बांबू कमी हवेत जाळून त्याचा कोळसा केला, म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात आणि तो दोन्ही प्रकारचे रंग कमीअधिक शोषून घेतो. कोळशाचा हा गुण १७८५ साली तोबियास लोविट्झ याने रशियात दाखवून दिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साखरेचे कारखाने हाडांच्या कोळशाने साखर पांढरी करू लागले. म्हणजे रंग काढून टाकण्याची ही विद्या कृत्रिम रंगांहूनही जुनी आहे.

आपल्या विदर्भातही या विषयाचे मोठे विद्यापीठ म्हणावे अशी संस्था आहे. १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, या नावाने ओळखली जाते. पाणवनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी झिरपवून ते शुद्ध करण्याची फायटोरिड नावाची पद्धती तिने प्रचारात आणली आहे.

मर्यादा

या साधनांच्या मर्यादा न सांगणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. पहिली मर्यादा अशी की, वनस्पतिज द्रव्ये रंग नाहीसा करीत नाहीत; ती त्यास पाण्यातून उचलून गाळात आणतात. आद्य शंकराचार्यांनी आत्मबोधात कतकाच्या चूर्णाचा दृष्टांत दिला आहे: ते चूर्ण पाणी निर्मळ करते आणि स्वतःही लोप पावते. वेदान्ताच्या दृष्टीने तो दृष्टांत उत्तम असला, तरी आपल्या हंड्यातला गाळ असा लोप पावत नाही. तो वाळवून वेगळा ठेवावा लागतो. तो चुलीत जाळू नये, शेतात टाकू नये आणि गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नये. दुसरी मर्यादा अशी की, बियांचा अंश पाण्यात राहतो व ते पाणी फार वेळ साठविल्यास नासते. तिसरी मर्यादा मिठाची आहे. टिकाऊ रंग सुतावर चढविताना भरपूर मीठ घालावे लागते. रंग निघून पाणी नितळ दिसले, तरी मीठ पाण्यातच असते.

या मिठाने काय होते, हे तमिळनाडूतील तिरुपूरने पाहिले आहे. तेथील रंगशाळांचे पाणी नोय्यल नदीत जाऊन ओरतुपाळयम धरणात साचले, खालच्या शेतकऱ्यांची शेती नासली, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यानंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगशाळा बंद करण्याची आज्ञा दिली. हजारो कामगारांची रोजी एका दिवसात गेली. आरमोरी म्हणजे तिरुपूर नव्हे; आपले हंडे मोजके आणि आपला व्यवसाय लहान. परंतु लहानपणातच सवय लावणे सोपे असते. व्यवसाय वाढावा अशी इच्छा आपण दरवर्षी ठराव करून प्रकट करतो. तो खरोखर वाढला, तर त्याबरोबर पाणीही वाढणार आहे.

वरचे आणि खालचे

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांस खालच्या गावाचे दुःख निराळे सांगावयास नको. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत व तेथून वैनगंगेत येते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. त्याविषयी आपण संतापाने बोलतो व ते रास्तही आहे. परंतु नागपूरच्या हिशेबी आपण खालचे असलो, तर खालच्या गावांच्या हिशेबी आपण वरचे आहोत.

आणि येथेच ढिवर बांधवांची गोष्ट पुन्हा आठवावी. ज्या हातांनी रानात पहारा करून कोष वाढविला, तेच हात नदीत व तलावात जाळे टाकतात. वस्त्राचा पहिला हात त्यांचा, शेवटचा हात आपला. त्यांनी आपल्याला स्वच्छ कोष दिला आणि आपण त्यांच्या जाळ्याकडे रंगाचे पाणी सोडले, असा हिशेब पुढच्या पिढीने मांडू नये, अशी माझी तळमळ आहे. कोसा पाळताना ते सोवळे पाळीत. तो रंगविताना आपण कोणते सोवळे पाळतो, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनास विचारावा.

यासाठी फार मोठी योजना हवी असे नाही. रंगकाम करणाऱ्या प्रत्येक घराने उरलेले पाणी नालीत न ओतता एका टाकीत वा जुन्या पिंपात साठवावे व थंड होऊ द्यावे. काचेचे चारपाच पेले घेऊन त्यांत तेच पाणी भरावे, प्रत्येकात शेवग्याच्या बियांचे पाणी निरनिराळ्या मापाने घालावे, ढवळून तासभर ठेवावे, आणि ज्या पेल्यात पाणी सर्वांत नितळ होईल ते माप सर्व पाण्यास लावावे. रंगाची जात बदलली म्हणजे ही परीक्षा पुन्हा करावी, कारण सर्व रंगांना एकच माप लागू पडत नाही. वरचे निवळलेले पाणी वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून घ्यावे. असे पाणी पिण्यास योग्य नसते, हे घरातील मुलाबाळांस बजावून सांगावे. ते पुढच्या रंगकामात पहिल्या धुण्यासाठी वापरावे. एकाच हंड्यात आधी फिकी व मग गडद लडी रंगविल्यास पाण्याचीही बचत होते. सुट्या पुडीचा मोह सोडून कंपनीचे नाव असलेला रंग घ्यावा. एकट्याने न झेपणारे काम चारपाच घरांनी मिळून करावे. गाळ एकत्र साठवून त्याची विल्हेवाट जाणकारांना विचारून लावावी.

आपल्या संघाने आपल्या तरुणांपैकी रसायनशास्त्र शिकलेल्या दोघातिघांवर ही परीक्षा सोपवावी आणि तिचा वृत्तांत पुढील स्मरणिकेत छापावा, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रयोग फसला तर फसल्याचेही छापावे; त्यानेही पुढच्याला मार्ग कळतो. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाबरोबर असे एखादे काम त्यांच्या हाती दिले, तर त्यांचे शिक्षण समाजाच्या उपयोगी पडेल आणि आपल्या जुन्या धंद्याविषयी त्यांच्या मनात जी उदासीनता आली आहे, तीही काही अंशी दूर होईल.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या कतकाविषयी एक वचन आहे. त्याचा आशय असा की, कतकाचे फळ पाणी निवळविते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आपणांस आज मान्य होणाऱ्या नाहीत. ही एक मात्र आपल्यासारख्या ठराव करणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माझ्या आजीने निवळीचे नाव फारसे कधी घेतले नाही. ती रोज सकाळी बी घाशी.

 ज्ञातिबांधवांनी यातील न्यूनाधिकाबद्दल क्षमा करावी आणि त्यांपैकी एकाने जरी या वर्षी आपला हंडा नालीत उलटा करण्यापूर्वी शेवग्याचे मूठभर बी कुटून पाहिले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.